जुन्या गाडीची बॅटरी उभ्या-उभ्या उतरते, तेव्हा गळती कशी शोधावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: १५-१६ वर्षे जुनी पेट्रोल गाडी रोज वापरली तर व्यवस्थित चालू होते, मात्र शुक्रवारी संध्याकाळी उभी करून सोमवारी सकाळी चावी फिरवली की स्टार्टर नुसता कट-कट आवाज करतो आणि डॅशबोर्डवरचे दिवे मंदावतात. बॅटरी ४५ अँपिअर-तासांची असून सहा महिन्यांपूर्वीच नवी बसवली आहे, अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी भरणारे यंत्र) तपासून तो चांगला असल्याचे आपल्याला सांगण्यात आले आहे, आणि आता पुन्हा नवी बॅटरी घ्या असा सल्ला मिळतो आहे. हा सल्ला आपण तूर्त बाजूला ठेवावा अशी माझी विनंती आहे. गाड्यांच्या विजेचे काम करताना मी जितक्या बॅटऱ्या विनाकारण बदललेल्या पाहिल्या, तितका दुसरा कोणताही भाग विनाकारण बदललेला पाहिला नाही. नव्या बॅटरीने दोष दूर होत नाही, तो काही आठवडे झाकला जातो. शिवाय गाडी चालू करण्यासाठी बनवलेली बॅटरी वारंवार पूर्ण रिकामी होणे सहन करू शकत नाही. दर वेळी तिच्या प्लेटांवर गंधकाचे क्षार कडक होऊन बसतात आणि तिची धारणशक्ती कायमची घटते, त्यामुळे काही महिन्यांनी ती नवी बॅटरीही खरोखरच खराब झालेली असते आणि ‘बॅटरीच वाईट होती’ या समजाला दुजोरा मिळतो.

‘बॅटरी उतरते’ ही तक्रार एक असली तरी तिच्यामागे तीन वेगवेगळे दोष असू शकतात. बॅटरीला स्वतःलाच वीज धरून ठेवता येत नसेल, किंवा गाडी चालताना ती पुरेशी भरली जात नसेल, किंवा गाडी बंद असताना काहीतरी तिच्यातून वीज ओढत असेल. बहुतेक जण थेट तिसऱ्या शक्यतेमागे धावतात आणि फ्यूज उपसू लागतात. पहिल्या दोन शक्यता आधी निकालात काढल्या नाहीत तर दिवसभराची मेहनत वाया जाऊ शकते, म्हणून मी नेहमी सर्वांत सोप्या परीक्षेने सुरुवात करतो.

बॅटरी बाहेरच्या चार्जरने पूर्ण भरून घ्यावी, काही तास तशीच राहू द्यावी आणि मग मल्टिमीटरने तिचा दाब मोजावा. पूर्ण भरलेली आणि निवांत असलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी, आणि १२.० च्या खाली ती जवळजवळ रिकामी समजावी. चार्जर काढल्याबरोबर किंवा इंजिन बंद केल्याबरोबर घेतलेले माप फसवे असते, कारण प्लेटांच्या पृष्ठभागावर साचलेल्या भारामुळे दाब काही काळ खोटा चढलेला राहतो. थांबायला वेळ नसेल तर हेडलाइट दोन मिनिटे लावून बंद करावेत आणि आणखी काही मिनिटांनी मोजावे. हे माप लिहून ठेवून बॅटरीची ऋण टर्मिनलची केबल सोडवून ठेवावी आणि गाडी जितका काळ उभी राहिल्यावर रुसते तितकाच काळ, म्हणजे आपल्या बाबतीत शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ, तशीच ठेवावी. सोमवारी दाब जवळपास तेवढाच असेल आणि केबल जोडताच गाडी जोमाने चालू झाली, तर बॅटरी निर्दोष आहे आणि चोर गाडीत आहे. केबल सुटलेली असतानाही दाब १२.३ किंवा त्याखाली घसरला असेल, तर बॅटरीच आतून गळते आहे आणि गाडीत काहीही शोधण्यात अर्थ नाही. निरोगी बॅटरी स्वतःहून उतरते, पण महिन्याला फार तर काही टक्के; उष्णता जास्त असेल तर हा वेग वाढतो, तरीही तीन रात्रींत फरक पडावा इतका नाही. बॅटरीला झाकणे असतील तर हायड्रोमीटरने सहाही घरांतील आम्लाची घनता पाहावी. पूर्ण भरलेल्या घरात ती १.२६५ ते १.२८० च्या आसपास असते, आणि एखादे घर इतरांपेक्षा ०.०५० हून अधिक मागे असेल तर ते घर गेलेले आहे.

या परीक्षेपूर्वी एक बारीक गोष्ट पाहून घ्यावी. बॅटरीच्या माथ्यावर आम्लाचा ओलावा आणि धूळ यांचा थर बसला असेल तर त्या थरातूनही दोन टर्मिनलांमध्ये थोडी वीज वाहत राहते. मल्टिमीटरची काळी पिन ऋण टर्मिनलवर आणि लाल पिन बॅटरीच्या कोरड्या दिसणाऱ्या प्लॅस्टिकवर टेकवून पाहावी. अर्धा-एक व्होल्ट दाखवला तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने माथा पुसून, स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडा करावा. सोड्याचे पाणी घरांच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नये.

दुसरी शक्यता भरणीची. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टर्मिनलांवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसावेत, आणि हेडलाइट, पंखा व मागच्या काचेचा हीटर एकदम लावून इंजिनाचा वेग थोडा वाढवला तरी ते १३.५ च्या खाली जाऊ नयेत. माप कमी आले तर पट्टा ढिला आहे का, आणि इंजिन व बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजली आहे का, हे आधी पाहावे. जुन्या गाडीत ही पट्टी अनेकदा नुसती रंगाच्या आणि गंजाच्या आधारावर लटकलेली असते. रोजचा प्रवास पाच-सात मिनिटांचाच असेल तर अल्टरनेटर उत्तम असूनही बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही, आणि मग किरकोळ गळतीही तिला झोपवते. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो: अल्टरनेटर तपासण्यासाठी इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढून पाहण्याची जुनी पद्धत कोणी सुचवली तर ती करू देऊ नका. भार अचानक सुटताच अल्टरनेटरचा दाब क्षणभर कित्येक पटींनी उसळतो आणि त्या एका क्षणात रेग्युलेटर, इंजिनाचा कंट्रोल युनिट किंवा स्टिरिओ जळू शकतो. कार्ब्युरेटरच्या काळात जे निभावून जात असे, ते आता निभावत नाही.

या दोन्ही परीक्षांत सारे ठीक निघाले असे धरू. आता मीटर हातात घेण्यापूर्वी थोडे गणित करावे, कारण किती मोठा चोर शोधायचा आहे हे माहीत असले की शोधाची दिशा आपोआप ठरते. आपली बॅटरी ४५ अँपिअर-तासांची आहे आणि शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ हा काळ सुमारे ६० तासांचा. गाडी चालू न होण्याइतकी ती उतरते, म्हणजे तिच्यातून निदान २५ अँपिअर-तास गेले असे मानायला हरकत नाही. २५ भागिले ६०, म्हणजे सुमारे ०.४ अँपिअर. बारा व्होल्टांवर पाच वॅटचा एक लहान दिवा नेमका एवढाच प्रवाह घेतो. उलट, आपल्या गाडीइतक्या जुन्या गाडीत घड्याळ, स्टिरिओची स्मृती, अलार्म आणि कंट्रोल युनिट मिळून १० ते ३० मिलीअँपिअर स्वाभाविक असतात, आणि ५० मिलीअँपिअरपर्यंतची गळती सर्वसाधारणपणे क्षम्य मानली जाते. ५० मिलीअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास, या वेगाने आपली बॅटरी अर्धी व्हायला अडीच आठवड्यांहून अधिक काळ लागेल. तेव्हा आपला चोर लहान नाही. तो डिकीतला दिवा असेल, अल्टरनेटरचा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असेल, बंद न होणारा एखादा कंट्रोल युनिट असेल. अडकलेल्या एकट्या रिलेची (विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचची) गुंडाळी साधारण ०.१५ ते ०.२ अँपिअर घेते. पूर्ण भरलेल्या बॅटरीला ती तीन रात्रींत झोपवू शकणार नाही, पण आधीच अर्धवट भरलेल्या बॅटरीला नक्कीच झोपवेल.

आता मोजणी. अंगठ्या, घड्याळ, कडे काढून ठेवावे, डोळ्यांवर चष्मा असावा आणि बॅटरी नुकतीच चार्ज केली असेल तर जवळ ठिणगी पडू देऊ नये, कारण चार्जिंगच्या वेळी निघणारा हायड्रोजन सहज पेट घेतो. स्टिरिओला सांकेतिक क्रमांक लागत असेल तर तो हाताशी आहे याची आधी खात्री करावी. मल्टिमीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घालावी, निवड-चकती एकदिश (डीसी) प्रवाहावर ठेवावी, आणि मीटर ऋण केबल व ऋण टर्मिनल यांच्यामध्ये जोडावे, म्हणजे गाडीची सारी वीज मीटरमधून गेली पाहिजे. या अवस्थेत चावी फिरवून गाडी चालू करण्याचा प्रयत्न कधीही करू नये; स्टार्टर शंभराहून अधिक अँपिअर ओढतो आणि मीटरचा फ्यूज, कधी मीटरच, जातो. मिलीअँपिअरच्या नाजूक पट्टीचा मोह टाळावा. १० अँपिअरची पट्टी ०.०१ अँपिअरपर्यंत दाखवत असेल तर आपल्या कामाला तेवढे पुरेसे आहे, आणि मध्येच एखादी रिले लागली तरी मीटर सुरक्षित राहते.

इथे बहुतेकांची चूक होते ती घाईची. केबल काढून मीटर जोडले की गाडीतील सारे युनिट नव्याने जागे होतात आणि मीटर दोन-तीन अँपिअर दाखवते. तो आकडा पाहून लोक घाबरून फ्यूज उपसायला लागतात. गाडीला झोपू द्यावे. जुन्या गाड्या १०-२० मिनिटांत शांत होतात, पण काही गाड्यांना पाऊण ते एक तासही लागतो. म्हणून मी आधी एक जाड जोडतार केबल आणि टर्मिनल यांच्यात लावतो, मगच केबल काढतो, मीटर त्या तारेला समांतर जोडतो, गाडी लॉक करून तासभर दुसऱ्या कामाला लागतो आणि परत आल्यावर फक्त ती जोडतार काढतो. अशा प्रकारे गाडीचा पुरवठा एक क्षणही तुटत नाही आणि पहिलाच आकडा खरा मिळतो. बॉनेट उघडेच राहणार असल्यामुळे बॉनेटचा दिवा किंवा अलार्मचा स्विच असेल तर तो दाबून बांधावा. ज्या दारातून फ्यूजपेटीपर्यंत पोहोचायचे आहे ते दार उघडे ठेवून त्याच्या कुलपाची जीभ पेचकसाने मिटवून ठेवावी, म्हणजे गाडीला दार बंदच वाटते. आणि दाराच्या चौकटीत दाबाचा स्विच असेल तर तो चिकटपट्टीने दाबलेला ठेवावा. काम संपल्यावर ती जीभ पुन्हा मोकळी करायला विसरू नये, नाहीतर दार लावताना कुलूप मोडते.

आकडा स्थिरावल्यावर तो लिहून ठेवावा. आपल्या गणितानुसार तो ०.३ ते ०.५ अँपिअरच्या घरात असायला हवा. तसा असेल तर एकेक फ्यूज काढून पाहण्याची सर्वपरिचित पद्धत वापरता येते: ज्या फ्यूजसरशी आकडा धाडकन खाली येतो, त्या वाटेवर चोर बसलेला आहे. या पद्धतीत एक खोट आहे. फ्यूज काढून पुन्हा घातला की त्या वाटेवरचे युनिट जागे होते आणि पुन्हा झोपेपर्यंत मोजणी बिघडते. शिवाय जे युनिट अडकल्यामुळे वीज खात होते, ते फ्यूज काढताच ताळ्यावर येते आणि दोष तिथल्या तिथे नाहीसा होतो. म्हणून मी फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्यावरील दाबाचा उतार मोजतो. पात्याच्या फ्यूजच्या माथ्यावर धातूची दोन उघडी टोके असतात. जोडतार पुन्हा लावून मीटर मोकळे करावे, लाल पिन व्होल्टच्या भोकात घालावी, आणि मीटर मिलिव्होल्टच्या पट्टीवर ठेवून दोन पिना त्या टोकांवर टेकवाव्यात. फ्यूजमधून वीज वाहत नसेल तर शून्य दिसेल. वाहत असेल तर मिलिव्होल्टचा अंश दिसेल, कारण फ्यूजलाही स्वतःचा अत्यल्प रोध असतो. १० अँपिअरच्या फ्यूजचा रोध साधारण ७ ते ८ मिलीओहम असतो, म्हणजे त्यावर ३ मिलिव्होल्ट दिसले तर सुमारे ०.४ अँपिअर वाहत आहेत. जास्त क्षमतेच्या फ्यूजचा रोध याहून कमी असल्यामुळे तेवढ्याच मिलिव्होल्टांचा अर्थ तिथे अधिक प्रवाह असा होतो. अचूक आकड्याच्या मागे लागण्याची गरज नाही. झोपलेल्या गाडीत जो फ्यूज ठळकपणे शून्याहून वेगळा दिसतो तो आपला. या पद्धतीने ३०-४० फ्यूज दहा मिनिटांत, गाडीला न उठवता, तपासून होतात. काचेच्या नळीचे फ्यूज असलेल्या जुन्या पेटीतही दोन्ही टोकांच्या धातूच्या टोप्यांवर हीच मोजणी करता येते, मात्र गंजलेल्या चिमट्यांवर पिन न टेकवता फ्यूजच्याच टोप्यांवर टेकवावी.

फ्यूज सापडला म्हणजे निम्मेच काम झाले. जुन्या गाडीत एकाच फ्यूजवर आतला दिवा, डिकीचा दिवा, घड्याळ, स्टिरिओची स्मृती आणि सेंट्रल लॉक अशी पाच-सहा उपकरणे सहज असतात. फ्यूज जागेवर ठेवून यांतील एकेकाचा कनेक्टर सोडवावा आणि आकड्याकडे लक्ष ठेवावे. दिव्यांपासून सुरुवात करावी, कारण आपल्या गणिताशी त्यांचा मेळ बसतो. डिकी आणि डॅशबोर्डमधला कप्पा (ग्लव्ह बॉक्स) यांच्या दिव्यांचे स्विच वयानुसार झिजतात किंवा झाकण जरासे खाली बसले की त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत, आणि झाकण मिटल्यावर आत दिवा जळतो आहे हे बाहेरून कोणालाच दिसत नाही. मोबाइलचा कॅमेरा व्हिडिओवर ठेवून तो डिकीत घालावा आणि झाकण लावावे, म्हणजे दोन मिनिटांत निकाल लागतो. दिवा काही तास बंद होता की जळत होता हे त्याच्या उबेवरूनही कळते. रात्रभर उभ्या गाडीच्या कप्प्यातला बल्ब सकाळी बोटांना गरम लागला तर आणखी पुरावा नको. सूर्यझडपेच्या (सन व्हायझरच्या) आरशाचा दिवाही याच पंक्तीत येतो.

यानंतर मागाहून बसवलेल्या साधनांचा क्रम लावावा, आणि माझ्या अनुभवात १५ वर्षांच्या गाडीत सर्वाधिक चोर इथेच सापडतात. एवढ्या वर्षांत गाडीत स्टिरिओ बदललेला असतो, अलार्म बसवलेला असतो, मागचा कॅमेरा, डॅशकॅम, माग काढणारे यंत्र, मोबाइलचा चार्जर असे काहीबाही जोडले गेलेले असते, आणि प्रत्येकाची वीज ज्याला जिथे सोयीची वाटली तिथून घेतलेली असते. स्टिरिओला पिवळी तार कायमच्या पुरवठ्यासाठी आणि लाल तार चावीसोबत चालू-बंद होण्यासाठी असते. पिवळी फक्त स्मृती जपते आणि तिच्यातून काही मिलीअँपिअरच जातात. चावीची तार सापडली नाही म्हणून लाल आणि पिवळी एकत्र पिळून टेपने गुंडाळलेली मी कित्येकदा पाहिली आहे. पडदा विझलेला असतो, पण आतला स्टिरिओ जागाच राहतो आणि त्याच्या मागची निळी तार अॅम्प्लिफायरलाही जागे ठेवते. अशी जोडणी सुधारायला अर्धा तास लागतो. बॅटरीच्या धन टर्मिनलवरून थेट निघालेली प्रत्येक पातळ तार हातात धरून शेवटपर्यंत जावे, कारण ती फ्यूजपेटीला वळसा घालून गेलेली असते आणि फ्यूजच्या कोणत्याही परीक्षेत सापडत नाही.

याच मुद्द्यावर मला एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. माझ्याकडे एक गाडी आली होती, तिची गळती ०.६ अँपिअर होती. मी एकेक करून सगळे फ्यूज काढले, आतली पेटी रिकामी केली, बॉनेटखालची पेटी रिकामी केली, तरी आकडा ०.६ वरून हलेना. दोन दिवस मी तारांच्या जुड्या सोडवत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी रात्रभर थंड उभी असताना सहज अल्टरनेटरवर हात टेकला आणि तो कोमट लागला. इंजिन थंडगार आणि अल्टरनेटर कोमट, याचा अर्थ रात्रभर त्याच्यातून वीज वाहत होती. अल्टरनेटरची जाड तार बॅटरीला थेट जोडलेली असते; बऱ्याच जुन्या गाड्यांत तिच्या वाटेत नेहमीचा फ्यूजच नसतो. आत डायोड असतात, ते वीज एकाच दिशेने जाऊ देतात. त्यांतला एखादा निकामी झाला की बॅटरीची वीज उलट्या वाटेने अल्टरनेटरच्या गुंडाळ्यांत झिरपते. मुख्य म्हणजे असा अल्टरनेटर भरणीच्या परीक्षेत १४ व्होल्ट दाखवून उत्तीर्ण होऊ शकतो. म्हणूनच ‘अल्टरनेटर चांगला आहे’ या एका वाक्यावर आपण त्याला निर्दोष मानू नये. तेव्हापासून मी फ्यूजपेटीला हात लावण्यापूर्वी हीच परीक्षा करतो. बॅटरीची ऋण केबल काढावी, अल्टरनेटरची जाड तार सोडवून तिचे टोक रबराने किंवा टेपने पूर्ण झाकावे, मीटर पुन्हा जोडावे आणि आकडा पाहावा. क्रम चुकवू नये. ती तार जिवंत असते आणि पाना बॉडीला टेकला तर क्षणात वितळण्याइतकी ठिणगी उडते. आकडा पडला तर शोध संपला. खातरजमा हवी असेल तर मीटर मधून काढून, तार व केबल पुन्हा जोडून, इंजिन चालू ठेवून बॅटरीवर प्रत्यावर्ती (एसी) दाब मोजावा: तो ०.५ व्होल्टच्या वर असेल तर डायोडांवर दाट संशय घ्यावा. स्वस्त मीटर मात्र एकदिश दाबालाच प्रत्यावर्ती समजून २५-३० असा भलताच आकडा दाखवतात. पिना उलट केल्यावर आकडा शून्य झाला तर ते मीटर या कामाचे नाही.

राहिलेल्या संशयितांपैकी रिले हाताने ओळखता येतात: तासाभरापूर्वी बंद केलेल्या गाडीत फ्यूजपेटीतली एखादी रिले उबदार लागली तर तिची गुंडाळी अजून वीज घेते आहे. तिथे रिले बदलण्यापूर्वी तिला चालू ठेवणारा हुकूम कुठून येतो आहे ते पाहावे, कारण पुष्कळदा दोष झिजलेल्या चावीच्या स्विचचा असतो; चावी काढल्यावरही तो एक खूण अलीकडे अडकून राहतो आणि त्यावरची सारी साधने जागी ठेवतो. ब्रेकच्या पेडलवर टेकणारा रबरी गोळा वयोमानाने तुकडे होऊन गळून पडतो आणि मागचे ब्रेकदिवे जळत राहतात. हे मात्र अंधारात गाडीभोवती एक फेरी मारली तरी दिसते. चटईखाली ओल असेल तर तिथून जाणारे कनेक्टर उघडून पाहावेत. तांब्यावर हिरवट थर चढला असेल तर पाण्यातून वीज झिरपते आणि पावसाळ्यातच बॅटरी उतरण्याचे कोडे तिथे सुटते.

सर्वांत त्रासदायक प्रकार म्हणजे कधीतरीच होणारी गळती. गाडी माझ्याकडे येते तेव्हा मीटर २० मिलीअँपिअर दाखवते, मालकाला वाटते मी टाळतो आहे, आणि मला वाटते मालकाने दार नीट लावले नसेल. बहुधा दोघेही चुकत असतात. अशा वेळी गाडीच्या वापराची नोंदवही ठेवावी. बॅटरी उतरली त्याच्या आदल्या संध्याकाळी काय झाले होते, पाऊस होता का, डिकी उघडली होती का, दूरचा प्रवास करून इंजिन तापले होते का, रिमोटने लॉक केली की चावीने, हे पाच-सहा वेळा लिहिले गेले की त्यात एक धागा दिसू लागतो. एका गाडीत नोंदींवरून कळले की ती फक्त लांबच्या प्रवासानंतरच उतरते. तापलेला डायोड गळत होता आणि थंड झाल्यावर केलेल्या प्रत्येक मोजणीत तो निर्दोष ठरत होता. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा लक्षात ठेवणारे मीटर असेल तर ते रात्रभर जोडून ठेवावे. केबल न काढता मोजायचे असेल तर एकदिश प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर (तारेभोवती चिमट्यासारखा धरायचा) घ्यावा, पण तो १० मिलीअँपिअरपर्यंत दाखवणारा असावा. घरगुती वायरिंगसाठी वापरला जाणारा, केवळ प्रत्यावर्ती प्रवाह मोजणारा क्लॅम्प इथे काहीच दाखवणार नाही.

शोध पूर्ण होईपर्यंत गाडी उभी करताना ऋण केबल सोडून ठेवणे किंवा तिथे खटका बसवणे हा तात्पुरता उपाय चांगला आहे, आणि मी तो सुचवतो, कारण त्यामुळे नवी बॅटरी वाचते. मात्र तो कायमचा करू नये. ०.४ अँपिअर घेणारा चोर जर भिजलेला कनेक्टर किंवा सोललेली तार असेल, तर गाडी चालत असताना, खटका चालू असताना, तीच जागा तापत राहते. आणि फ्यूजला वळसा घालून गेलेल्या तारेवर ती तापण्याला कोणतीही मर्यादा नसते. याच कारणाने, सापडलेला फ्यूज सारखा जात असेल तर त्याच्या जागी अधिक क्षमतेचा फ्यूज घालणे मी कोणालाही करू देत नाही.

दोष दुरुस्त झाला असे वाटले की मोजणी पहिल्यापासून पुन्हा करावी: गाडी लॉक करावी, तासभर थांबावे आणि आकडा ५० मिलीअँपिअरच्या आत आला आहे हे डोळ्यांनी पाहावे. अनेक जुन्या गाड्यांत एकामागे दुसरा चोर लपलेला असतो, आणि ०.४२ वरून ०.१८ वर आलेला आकडा पाहून समाधान मानले की महिन्याभराने तीच तक्रार परत येते. त्यानंतर बॅटरी चार्जरवर मंद गतीने, म्हणजे चार-पाच अँपिअरने, रात्रभर भरावी. पूर्ण उतरलेली बॅटरी अर्ध्या तासाच्या फेरफटक्याने भरत नाही, आणि तो सारा भार अल्टरनेटरवर टाकणेही योग्य नाही. मग काही तास निवांत ठेवून दाब लिहावा, शुक्रवारी संध्याकाळी केबल जोडलेली ठेवूनच गाडी उभी करावी आणि सोमवारी सकाळी चावी लावण्यापूर्वी, दार उघडण्याच्याही आधी शक्य असेल तर, बॉनेट उचलून पुन्हा दाब मोजावा. शुक्रवारच्या आणि सोमवारच्या मापांत ०.१ व्होल्टहून कमी फरक असेल तर गळती थांबली आहे. फरक त्याहून जास्त असेल तर दोन्ही आकडे, तासाभरानंतरचा मीटरचा आकडा आणि अल्टरनेटरची तार सोडवल्यावरचा आकडा असे चार आकडे मला कळवा. त्यांवरून पुढची दिशा नक्की सांगता येईल.